तिथीची पाऊणपट

पावसाळ्यात कोल्हापूरच्या माणसाला झोपेतून उठवून विचारलं तरी दोन आकडे तो बरोबर सांगेल. ३९ आणि ४३. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा पातळी, ४३ फुटांवर गेली की धोका पातळी. जुलै सरताना तर सकाळी चहाच्या आधी ‘पातळी किती झाली?’ हाच प्रश्न. माझी मुलगी त्याच दिवसांत जन्मली. दवाखान्यातनं तिला घरी आणलं त्या दिवशी सकाळपासून धो धो पाऊस होता आणि घरात येणारा प्रत्येक फोन पाण्याचा. जामदार क्लबपर्यंत आलं का, शिवाजी पूल बंद केला का, गगनबावड्याचा रस्ता चालू आहे का. मी आतल्या खोलीत कानाला रुमाल बांधून शेगडीच्या धगीत बसलेली. मांडीवर पावणेतीन किलोचा लालबुंद जीव, मुठी आवळून झोपलेला.

तिसऱ्या दिवशी मला रडू यायला लागलं.

रडण्यासारखं काही घडलं नव्हतं. टाके दुखत होते, छाती दाटून दगडासारखी झाली होती, पण ते सगळं सांगितलेलं होतं, माहीत होतं. रडू त्यामुळं येत नव्हतं. राधानगरीच्या धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी भरत आलं की ते आपोआप उघडतात, कुणाला बटण दाबावं लागत नाही. दरवर्षी ‘तिसरा दरवाजा उघडला’, ‘सहावा उघडला’ अशा बातम्या येतात आणि इकडं नदीकाठची माणसं सामान माळ्यावर टाकायला लागतात. माझं तसं झालं होतं. अळिवाची खीर चमच्यात असताना, लंगोटाची घडी घालताना, आईनं ‘झोप लागली का गं?’ एवढंच विचारल्यावर एकेक दरवाजा उघडत जायचा. पाणी बाहेर.

भेटायला येणाऱ्या बायका हळहळत. त्यातली एकही मनानं वाईट नव्हती. “बाळंतिणीनं रडू नये गं, डोळं जात्यात.” “दूध आटंल बघ.” “पहिली बेटी धनाची पेटी, रडायचं काय त्यात?” या शेवटच्या वाक्यानं मला फार लागायचं. मुलगी झाली म्हणून मी रडत्ये असं कुणाला वाटावं, आणि ते तिच्या पाळण्याशेजारी उभं राहून बोलावं. मी मान हलवायची आणि अळणी रस्सा पीत राहायची.

डॉक्टरीणबाईंनी मात्र नीट सांगितलं होतं. बाळंतपणानंतर पहिल्या काही दिवसांत असं भरून येणं बहुतेक आयांना होतं, दोनेक आठवड्यांत ते ओसरतं. त्यापुढं गेलं, खाण्याझोपण्यावरची वासना उडाली, बाळाकडं बघूनही आत काही हललं नाही, तर मला फोन कर, घरच्यांना विचारत बसू नकोस. माझं पुढं गेलं. पाचव्या आठवड्यात मी फोन केला. समुपदेशनाला जाऊ लागले आणि त्याचा उपयोग झाला. समुद्राबद्दल लिहिण्याआधी हे लिहून ठेवते, कारण हे वाचणाऱ्या एखादीच्या मांडीवरही या क्षणी बाळ असेल. लाटा बघून आजार बरा होतो असं मी कुणालाही सांगणार नाही. १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी क्रमांक आहे. फोन लावायला पैसे पडत नाहीत, आणि मध्यरात्रीही तो उचलला जातो. नदीला आपण ३९ वरच इशारा देतो. माणसाला का देत नाही, हा प्रश्न माझ्या मनातनं गेलेला नाही.

तर ते ओसरलं, पण एक गोष्ट राहिली. वेळ.

सहकारी बँकेत हिशेब लावण्यात माझी बारा वर्षं गेली. दिवसाच्या शेवटी जमा-खर्च जुळला पाहिजे, नाहीतर घरी जायचं नाही, ही सवय हाडात बसलेली. मुलीसाठी मी पहिल्याच आठवड्यात शंभर पानी वही केली होती. पट्टीनं रेघा मारून रकाने पाडलेले. वेळ, बाजू, किती मिनिटं, ढेकर, शी, शू, झोप. पान उघडलं की असं दिसायचं: ‘२.१० डावी, १८ मि., ढेकर नाही. ३.०५ ओकली. ३.४० उजवी, ९ मि., तोंडात धरून झोपली. ४.२० जागी.’ तान्ह्या बाळाला दिवसाला आठ ते बारा वेळा पाजावं लागतं हे मला ठाऊक होतं. त्याला रात्र आणि दिवस वेगळे कळायला दोन-तीन महिने लागतात हेही वाचलेलं. पण वाचलेलं वहीत उतरत नव्हतं. काल १ वाजता उठली, आज पावणेदोनला. काल दुपारी दोन तास झोपली, आज वीस मिनिटं. मी रकाने वरपासून खालपर्यंत तपासायची आणि चूक शोधायची. चूक कुणाची तर माझीच असणार.

घड्याळ भिंतीवर समोरच. आठला शेक, नऊला न्हाणं, साडेदहाला धुरी, एकला जेवण. घर त्या घड्याळावर चालायचं. मुलगी चालत नव्हती. मी मधे.

झोपवण्यासाठी मी फोनवर लाटांचा आवाज लावायची. दहा तास चालणारा समुद्राचा आवाज, कुठल्या किनाऱ्याचा कुणास ठाऊक. पोटात असताना बाळाला आईच्या रक्तप्रवाहाचा सततचा घोष ऐकू येत असतो, म्हणून असल्या आवाजानं ती शांत होतात. आपण उगाच का ‘श्श श्श’ करत थोपटतो? तर फुलेवाडीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या घरात, रात्री तीन वाजता, उशीशेजारी एक समुद्र वाजत असायचा. एका रात्री लाटेच्या ऐन मधोमध जाहिरात लागली. कसल्याशा रंगाची, ढोलताशासकट. मुलगी दचकून उठली ती सकाळपर्यंत. उजाडताना नवरा तिला खांद्यावर घेऊन गॅलरीत फिरत होता. तो म्हणाला, “खराच ऐकवू या की तिला. इथनं काय लांब आहे?”

लांब नाहीच. पण कोल्हापूरच्या माणसाच्या मनात समुद्र फार लांब आहे. आमच्यासाठी मोठं पाणी म्हणजे रंकाळा. सव्वा महिना झाल्यावर मला पहिल्यांदा बाहेर नेलं तेही रंकाळ्यावरच. संध्याकाळची चौपाटी, भेळ, शालिनी पॅलेसवर उतरलेलं ऊन, मला सगळं प्रिय आहे. पण रंकाळ्यावर दर दहा पावलांवर ओळखीचं माणूस भेटतं. मुलगी रडायला लागली की दहा जणांचे दहा उपाय. “भूक लागली असंल.” “कुंची घाला की.” “दूध पुरत न्हाई वाटतं.” पाणी इतकं शांत की तिचं रडणं समोरच्या काठापर्यंत जायचं. अर्ध्या तासात परत आलो.

सासूबाईंचा बेताला विरोध होता. खारा वारा, घाटाचा रस्ता, साडेतीन महिन्यांचं लेकरू. दोन दिवस त्या बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी पिशवी भरायला घेतली. ओवा, वेखंड, वावडिंग, धुरीची मातीची वाटी, सहा दुपटी, आणि वर स्वतःची दोन लुगडी. “मी बी येणार,” म्हणाल्या. पासष्ट वर्षांच्या आयुष्यात त्यांनी समुद्र एकदाच बघितला होता, गणपतीपुळ्याला, तोही देवदर्शनाच्या गर्दीत मिनिटभर.

आम्ही आचऱ्याला गेलो. मालवण तालुक्यातलं गाव. नवऱ्याच्या मित्राच्या ओळखीनं पुळणीला, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूला, लागून एका काकूंकडं दोन खोल्या मिळाल्या होत्या. दिवाळी नुकतीच झालेली. राधानगरीवरनं फोंडा घाट उतरून कणकवली, तिथनं आचरा. एरवी चार तासांचा रस्ता, आम्हाला सात लागले, कारण पाजायला थांबायचं, ओकल्यावर थांबायचं, आणि दोनदा नुसतंच थांबायचं. दाजीपूरपाशी मी मागच्या सीटवर पदर घेऊन बसले होते. काचेबाहेर दाट रान, ओलसर वास, आणि नवरा सासूबाईंना हातवारे करून काही सांगत होता. हा सगळा डोंगर म्हणजे पाण्याची वाटणी. इथं अलीकडं पडलेला पाऊस भोगावतीत जातो, राधानगरीच्या धरणात साठतो, पुढं पंचगंगा होतो, नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळतो आणि मग कर्नाटक, तेलंगणा, आंध्र ओलांडून पार बंगालच्या उपसागरात. पाऊस येतो पश्चिमेच्या समुद्रावरनं, आणि तो समुद्र घाट उतरला की आलाच. आमचं पाणी मात्र त्याच्याकडं पाठ करून शेकडो कोस पूर्वेला चालत जातं. “मग आपण उलटंच निघालोय की,” सासूबाई म्हणाल्या. मला ते फार बरं वाटलं. चार महिन्यांत पहिल्यांदा मी कुठंतरी निघाले होते.

पोचलो तेव्हा संध्याकाळचे साडेपाच वाजून गेले होते. काकूंच्या अंगणातनं सुरूच्या झाडांपलीकडं पांढरी रेघ दिसत होती. मुलगी गाडीतनं उतरल्यापासून रडत होती, घामाघूम होऊन, पाय आखडून, श्वास अडेल असं. मला घाम फुटला. परकं घर, परकी माणसं. मी तिला घेऊन सरळ सुरूच्या बनातनं पुढं गेले आणि वाळूवर आले.

तिथं एक गोष्ट घडली, ती मला नीट सांगता आली पाहिजे. घरात ती रडायची तेव्हा तिचं रडणं घर भरून टाकायचं. जिन्यातनं खाली जायचं, वरच्या मजल्यावर जायचं, माझ्या डोक्यात शिरून तिथंच घुमायचं. वाळूवर आल्यावर ती तशीच रडत होती, तेवढ्याच जोरात, पण तो आवाज माझ्या छातीपासून हातभर अंतरावर संपत होता. त्यापुढं सगळा समुद्राचा आवाज. लाट यायची, फुटायची, वाळूवरनं सळसळत परत जायची आणि ती जाईपर्यंत पुढची आलेली असायची. तेवढ्या आवाजात तिचं रडणं तिच्या मापाचं झालं. साडेपाच किलोच्या बाळाचं रडणं. मी पहिल्यांदा ते न घाबरता ऐकलं. त्यात राग होता, थकवा होता, भूक थोडीशी होती. मी खाली बसले आणि तिला छातीशी लावलं. कुणी बघत नव्हतं. पान्हा इतका भरभरून आला की दुसऱ्या बाजूचा पदर भिजून गेला. आणि मी रडले, मोठ्यानं, तोंड उघडं ठेवून. तेही कुणाला ऐकू गेलं नाही.

परत आले तेव्हा काकू दिवा लावत होत्या. माझ्या तोंडाकडं बघून त्यांनी काही विचारलं नाही. “चेडवाक दी माझ्याकडे. तू जेव,” एवढंच.

जेवताना मी सवयीनं वही काढली आणि वेळ लिहायला भिंतीवर घड्याळ शोधलं. स्वयंपाकघरात घड्याळ नव्हतं, नुसतं कालनिर्णय लटकत होतं. काकू म्हणाल्या, “घड्याळाक कित्याक इचारतस? तेच्या पोटाक इचार.” मग, बहुधा मला वाईट वाटू नये म्हणून, त्यांनी विषय बदलला. उद्या सकाळी पावणेसातच्या सुमाराला वाळूवर गेलीस तर पाणी भरलेलं दिसेल, म्हणाल्या. मी विचारलं, तुम्हाला कसं माहीत? त्यांनी कालनिर्णयाकडं बोट केलं. “आज आठम. आठाची पाऊणपट सा. उद्या नवम, पावणेसात.”

हा हिशेब मी तोवर ऐकला नव्हता. कोकणच्या किनाऱ्यावर तो लहान पोरालाही येतो. त्या दिवशीची तिथी घ्यायची, तिची पाऊणपट करायची, आला आकडा ती भरतीची वेळ. अष्टमीला सहा. नवमीला पावणेसात. दशमीला साडेसात. एकादशीला सव्वाआठ. सकाळीही आणि संध्याकाळीही, कारण दिवसाला बहुधा दोन भरत्या येतात, मधे सहा-सहा तासांनी ओहोट्या. चंद्र रोज साधारण ५० मिनिटं उशिरा उगवतो, त्याच्या मागोमाग समुद्रही उशिरा. पुनवेला आणि अवसेला सूर्य-चंद्राची ओढ एका रेषेत येते, तेव्हा उधाण. अष्टमीच्या आसपास ती काटकोनात असते, तेव्हा भांग, पाणी फार वर चढत नाही आणि फार खालीही जात नाही. पाऊणपटीचा आकडा मिनिटाला मिनिट जुळेल असं नाही, थोडाफार मागंपुढं होतोच. पण जाळी टाकायला आणि होडी काढायला तेवढं पुरतं. काकूंकडं हे सगळं एका ओळीत होतं आणि त्या कढईत सोलकढी ढवळावी तितक्या सहज बोलत होत्या. कालनिर्णय काढणारे जयंतराव साळगावकर मूळचे मालवणचेच. आमच्या घरीही ते १९७३ पासून दरवर्षी लागत आलंय, आजेसासऱ्यांच्या काळापासून. संकष्टी, एकादशी आणि दूधवाल्याचा खाडा, एवढ्यासाठीच आम्ही ते बघायचो.

रात्री मला झोप लागेना, म्हणजे मुलगी झोपली होती तरी. आज सहा, उद्या पावणेसात. काल १ वाजता उठली, आज पावणेदोनला. माझ्या वहीतला तो रकाना, ज्यात मी महिनोन्‌महिने चूक शोधत होते. समुद्र रोज पाऊण तास उशिरा येतो. त्याला कुणी उशीर झाला म्हणत नाही. उद्या तो अजून पाऊण तास पुढं जाईल आणि काकू त्याप्रमाणं चूल पेटवतील.

मुलगी चंद्रावर चालते असा काही शोध मला लागला नव्हता. तिच्या वेळा कशावरच चालत नव्हत्या, ना सूर्यावर, ना चंद्रावर. पण भिंतीवरचं घड्याळ सोडून दुसरंही माप असतं, आणि त्या मापावर माणसं पिढ्यान्‌पिढ्या पोटं भरतात, एवढं कळल्यावर माझ्या खांद्यांवरनं काहीतरी उतरलं. वही मी पिशवीत ठेवली. चार दिवस काढली नाही.

त्या चार दिवसांतलं सगळं सांगत बसत नाही. दुपारी ऊन कडक, मासळीचा वास, मुलगी निजलेली, मीही तिच्याशेजारी निजलेली. काकू दोन-दोन तास तिला घेऊन बसत. “निज जरा. मी बघतंय.” हे वाक्य मी आधीही ऐकलं होतं, आईकडनं, सासूबाईंकडनं. पण घरी निजलं तरी एक कान जागा असायचा. इथं लाटांचा आवाज त्या कानात भरून राहायचा आणि मी खरोखर झोपायची.

दशमीची पहाट मात्र सांगितली पाहिजे. पाचच्या सुमाराला मुलीला पाजून मी तिला दुपट्यात गुंडाळलं आणि बाहेर आले. पुढं वाळूवर सासूबाई उभ्या. लुगडं घोट्याच्या वर धरलेलं, पाय पाण्यात. भरती चढत होती. लाट आली की त्यांच्या पायाखालची वाळू सरकायची, त्या किंचित डोलायच्या आणि परत पाय रोवायच्या. मी शेजारी जाऊन उभी राहिले. बराच वेळ कुणी बोललं नाही. लांब रापण ओढायची तयारी चालली होती. जाळं होडीनं खोल पाण्यातनं फिरवून आणलेलं, त्याच्या दोरांची दोन टोकं वाळूवर, एकेका टोकाला दहा-बारा माणसं. ती एका सुरात ओढायची, थांबायची, पाऊल मागं घ्यायची, परत ओढायची. घाई नव्हती कुणाला.

सासूबाई समोर बघतच बोलल्या. “ह्याच्या येळंला,” म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, “मी लंगोटाची बादली घिऊन पंचगंगेच्या घाटावर जायची. रोज दुपारच्याला.”

मला वाटलं, त्या कष्टाचं सांगतायत. शुक्रवार पेठेतलं ते जुनं घर मी बघितलंय. म्हटलं, “नळ नव्हता का घरात?”

“व्हता की.” त्या थोडा वेळ गप्प बसल्या. “पाणी आलं न्हाई म्हणून सांगायची. घाटावर जाऊन आधी अर्धा तास पाण्यात पाय सोडून बसायची. मग धुवायची.”

मी त्यांच्याकडं बघितलं. बेचाळीस वर्षांपूर्वीची एक बाई, तेवीस वर्षांची, बादलीत ओले लंगोट, आणि अर्ध्या तासासाठी रोज एक खोटं. तिनं ते कुणाला सांगितलं नव्हतं. सासऱ्यांना नाही, मुलाला नाही. मी पाच वर्षं या घरात आहे, मलाही नाही. मी बाळंतीण असताना त्या मला आठला शेक आणि साडेदहाला धुरी द्यायच्या आणि मला वाटायचं, यांना घड्याळाशिवाय काही दिसत नाही. त्यांना धाक होता. आपलं काही चुकलं आणि पोरीला किंवा बाळाला काही झालं तर, हा.

“मला सांगितलं असतंत तर?” मी म्हटलं.

“काय सांगायचं त्यात,” त्या म्हणाल्या आणि हात पुढं केले. मी मुलगी त्यांच्याकडं दिली. त्यांनी वाकून तिच्या पायाचा अंगठा लाटेला लावला. तिनं पाय झटकन वर ओढला, डोळे मोठे केले आणि मग हसली. हसली म्हणजे आवाज काढून, पोटातनं. तसं ती त्याआधी कधी हसली नव्हती.

संध्याकाळी काकूंनी गावपळणीचं सांगितलं. आचऱ्यात काही वर्षांनी एकदा, देव रामेश्वराचा कौल झाला की सगळं गाव घरदार सोडून वेशीबाहेर राहायला जातं. तीन दिवस, तीन रात्री. गुरं, कोंबड्या, कुत्री, म्हातारी माणसं, तान्ही पोरं, सगळी. रानात झोपड्या बांधायच्या, तिथंच रांधायचं, तिथंच गाणी-भजनं. गावात त्या दिवसांत माणूस म्हणून राहत नाही. परत कौल मिळाला की घरी. “माझो झील तेव्हा दोन म्हयन्याचो होतो,” काकू म्हणाल्या. झोपडीत त्याला जुन्या साडीच्या झोळीत टांगलं होतं आणि शेजारपाजारच्या सगळ्या बायका एकाच चुलीभोवती असल्यानं तीन दिवस त्याला कुणी ना कुणी झोका देतच होतं. मी विचारलं, त्रास नाही झाला? त्यांना प्रश्नच कळला नाही. त्यांच्या सगळ्या बाळंतपणातल्या त्याच तीन रात्री नीट झोपेच्या होत्या.

मी बरेच दिवस यावर विचार करत होते. गावपळण का करतात याची कारणं लोक वेगवेगळी सांगतात, मला त्यात शिरायचं नाही. पण घर सोडून चार दिवस राहायला बाळंतिणीला किती परवानग्या लागतात, आणि इथं एक अख्खं गाव देवाला विचारून उठतं. तान्ह्या बाळासकट. खारा वारा बाधेल असं त्यात कुणी म्हणत नाही.

एकादशीला, सव्वाआठची भरती बघून, आम्ही निघालो. काकूंनी आमसुलं दिली आणि मुलीच्या कपाळाला वाळूचं बोट लावलं. घाट चढताना ती झोपली ती राधानगरी येईपर्यंत.

घरी आल्यावर सगळं पालटलं असं नाही. रात्री त्याच. रजा २६ आठवड्यांची आहे, ती संपत येईल तसतशी पोटात कालवाकालव होते. लहान बाळ सोडून बँकेत जायचं कसं, हे अजून सुटलेलं नाही. फरक दोन पडले. सासूबाईंनी साडेदहाची धुरी आपणहून ‘ती उठंल तवा’वर नेली. आणि रोज दुपारी त्या मुलीला घेतात आणि मला म्हणतात, “जा, नळाला पाणी आलं न्हाई.” एवढंच. मग मी रंकाळ्यावर जाते, एकटी, दुपारच्या उन्हात, तेव्हा तिथं कुणी ओळखीचं नसतं.

रंकाळ्याच्या नंदीची गोष्ट आम्हा कोल्हापूरकरांना लहानपणी सांगतात. हा नंदी रोज गव्हाभर पुढं सरकतो आणि तांदळाभर मागं येतो. तो ज्या दिवशी रंकाळ्याला पोचेल त्या दिवशी जगबुडी. लहानपणी मी घाबरून हिशेब करायची, गहू मोठा की तांदूळ, आणि किती दिवस उरले असतील. आता त्याच्याजवळनं जाताना मला तो पुढं-मागं होताना दिसतो आणि बरं वाटतं. आमच्या स्थिर पाण्याच्या काठावरही कुणीतरी रोज थोडं पुढं जातं, थोडं मागं येतं.

परवाची रात्र. मार्गशीर्ष वद्य षष्ठी. मुलगी चारला उठली. फोनवरचा समुद्र आम्ही आता लावत नाही. मी तिला घेऊन गॅलरीत बसले, अंगावर शाल ओढून. चंद्र वर डोक्यावर आला होता, रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. ती पीत होती, एक हात माझ्या गळ्यातल्या काळ्या मण्यांत अडकवलेला, आणि दर दोन-तीन घोटांनंतर थांबून नाकानं लांब श्वास सोडत होती. सहाची पाऊणपट साडेचार. आचऱ्याला पाणी सुरूच्या दिशेनं चढत असेल, काकू उठल्या असतील. थोड्या वेळानं तिनं तोंड सोडलं. ओठाच्या कडेला दुधाचा थेंब तसाच. मी तिला खांद्यावर घेतलं आणि ढेकर यायची वाट बघत उभी राहिले.